होडीची फिटंफाट

मी नावाड्यांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका होडीवर थुंकत होते.

अगदी पिचकारी मारून नव्हे. माणूस सुशिक्षित, त्यामुळे थुंकणं तोंडातल्या तोंडात चाललं होतं. पण त्यामागचा जोर असा, की तो खरोखर बाहेर पडता तर समोरची होडी बुडालीच असती, शिवाय कुठल्यातरी बंदरात उभी असलेली दोन-चार जहाजंही तळाला गेली असती. भुवया कपाळ ओलांडून केसांत शिरलेल्या, नाक उजव्या कानाच्या भेटीला निघालेलं, खालचा ओठ हनुवटीवर वाळत घातलेला. एरंडेलाची अख्खी बाटली जिभेवर मुक्कामाला आली आहे आणि हलायचं नाव घेत नाही, असा एकूण देखावा. मला वाटलं, गृहस्थांना झटका आला. मी धावत जाऊन पेलाभर पाणी आणलं.

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. नाक आणखी थोडं सरकलं.

"ठेव तिथे," ते म्हणाले. "आणि हलवू नकोस. पाणी हललं की त्याला वेग येतो. वेग आला की कुणीतरी गाढव त्यात होडी घालतं. आणि होडी घातली की ती माझ्या टेबलावर येते."

होडी कागदावरची होती. आमची संस्था शाळेची पुस्तकं छापायची. मी त्या दिवशी व्याकरणाच्या पुस्तकाची मुद्रितं तपासायला म्हणून नोकरीला लागलो होतो, आणि मला ज्यांच्या शेजारचं टेबल मिळालं ते हे गृहस्थ बीजगणिताच्या पुस्तकाची उत्तरं काढायचे. मूळ पुस्तक एका प्राध्यापकांनी लिहिलेलं. ते भरपूर गणितं घालून आणि एकाचंही उत्तर न देता देवाघरी गेले. मागच्या पानांवरची सगळी उत्तरं ही आमच्या या शेजाऱ्यांची कमाई. त्यांच्या टेबलावर 'उत्तरसूची विभाग' अशी पाटी होती. त्या विभागात एक टेबल, एक खुर्ची आणि हे. पुस्तकात होडी आणि नदीच्या प्रवाहाचं एक प्रकरण होतं. त्या प्रकरणाची मुद्रितं आली की यांचा आवाज तळमजल्यावरच्या बांधणी खात्यापर्यंत ऐकू जायचा, म्हणून सगळी कचेरी त्यांना नावाडी म्हणायची.

आयुष्यात होडीत बसलात का, असं मी एकदा विचारलं.

"बसलोय की. किनाऱ्याला बांधलेली होती. वेग शून्य, प्रवाह शून्य." त्यांनी डोळे मिटले. "तरी ओकलो."

खरं तर किळस यावी असं त्या इमारतीत पुष्कळ होतं. तळमजल्यावर पानं चिकटवायच्या खळीची बादली. तिच्यावर साय धरलेली, आणि सायीवर एखादी माशी कायमची वस्तीला. तो आंबूस वास जिना चढून वर यायचा आणि आमच्या डब्यांत शिरायचा. चहावाल्याच्या पेल्यांना आदल्या गिऱ्हाइकाच्या ओठांची आठवण असायची. पण सगळ्यांवर कडी होती मालकांच्या अंगठ्याची. मालक पान उलटण्याआधी अंगठा जिभेवर फिरवत. चाटायचा, उलटायचं, चाटायचा, उलटायचं. दीडशे पानांचं पुस्तक त्यांच्या नजरेखालून गेलं की ते धुऊन वाळत घालावं अशा अवस्थेत परत यायचं. नावाडी ती पानं दोन पेन्सिलींच्या चिमटीत धरून वाचत. मीही लवकरच दुसरी पेन्सिल घेतली.

तरीही या सगळ्याची किळस दुय्यम. पहिला मान होडीचा.

"मला सांग, व्याकरण," ते सुरू व्हायचे. मला ते माझ्या पुस्तकाच्या नावानंच हाक मारत. "हा माणूस प्रवाहाबरोबर गेला. कशाला गेला? लिहिलेलं नाही. माल आहे? नाही. तिकडे कुणी आजारी आहे? नाही. पोचला, आणि पोचल्या पावली परत फिरला. काठावर पाय टेकवला नाही, घोटभर पाणी प्यायला नाही. आता प्रवाहाविरुद्ध वल्ही मारत, घाम गाळत येतोय. घरी बायको विचारत असेल, कुठे गेला होतात? हा सांगत असेल, कुठे नाही, वेग काढत होतो."

"गणित आहे ते, नावाडी."

"गणितच आहे. पण माणसानं गणितातसुद्धा थोडी लाज बाळगावी. हौदाचं बघ. एक नळ भरतो, दुसरा रिकामा करतो. मूर्खपणाच आहे, पण घरगुती मूर्खपणा आहे. एखाद्या घरी असतं तसं. सासू भरते, सून ओतते. होडीवाला अख्खी नदी वेठीला धरतो."

असं म्हणून ते क्ष अधिक य आणि क्ष वजा य मांडत. क्ष म्हणजे संथ पाण्यातला होडीचा वेग, य म्हणजे प्रवाहाचा. जाताना बेरीज, येताना वजाबाकी. हात झरझर चालायचा, उत्तर पटकन सुटायचं, आणि सुटलेल्या उत्तराकडे ते न्हाणीतल्या मोरीतून निघालेल्या केसांच्या गुंत्याकडे बघावं तसे बघायचे.

या प्रकरणातलं शेवटचं गणित मात्र ते कधी वाचत नसत. त्या पानावर आले की त्याच्यावर पेला ठेवत आणि पुढे जात. गणित साधं होतं. एका होडीचा संथ पाण्यातला वेग ताशी दहा किलोमीटर, प्रवाहाचा वेग ताशी दोन. होडी एका गावाहून दुसऱ्या गावी जाऊन त्याच वाटेनं परत आली. तर संपूर्ण प्रवासातला सरासरी वेग किती? मागच्या पानावर उत्तर होतं: ताशी दहा.

"बरोबर आहे की," मी म्हणालो. "जाताना प्रवाहानं दोन दिले, येताना दोन काढून घेतले. फिटंफाट."

त्यांचं नाक कानाला जाऊन टेकलं.

"तूसुद्धा," ते म्हणाले. "वाटलंच होतं. बस खाली."

मग त्यांनी पेल्याखालचं पान काढलं आणि मला समजावलं. समजा, गावं चोवीस किलोमीटर लांब आहेत. जाताना वेग बारा, म्हणजे दोन तास. येताना वेग आठ, म्हणजे तीन तास. अठ्ठेचाळीस किलोमीटरला पाच तास लागले. भागून बघ. नऊ पूर्णांक सहा दशांश. दहा नाहीत.

"मग ते राहिलेले कुठे गेले?"

"नदीनं खाल्ले. जाताना ती मदत करते, पण तू भरकन निघून जातोस, मदत घ्यायला फारसा वेळ थांबतच नाहीस. येताना ती अडवते, आणि अडवते म्हणूनच तू तिच्या तावडीत जास्त वेळ राहतोस. सुखाचे दोन तास आणि दुःखाचे तीन. आणि लोक म्हणतात फिटंफाट." हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला माझे ओठ पुसावेसे वाटले. "सगळ्या शाळांतून शिकवतात. मास्तर फळ्यावर लिहितात: बारा अधिक आठ वीस, निम्मे दहा. पोरं आधी मागचं पान उघडून दहा बघतात आणि मग दहा येईपर्यंत गणित पिळतात. आलं की म्हणतात, जुळलं. किळस येते मला त्या शब्दाची."

"पण मागे दहा छापलं कुणी?"

नावाड्यांनी पेला उचलून पुन्हा त्या पानावर ठेवला.

"मी," ते म्हणाले.

नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईत काढलेलं उत्तर ते. प्रकरणातलं शेवटचं गणित, जेवणाची सुट्टी झालेली, डोक्यात फिटंफाट आणि हातात पेन. चूक त्यांना कळली ती नदीवर नव्हे, सायकलवर. त्यांचं घर तलावाकाठच्या लांब, सरळ रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला. वारा नसला तर चाळीस मिनिटांची वाट. पण तिथे वारा असायचाच, आणि तो दिवसभर घराकडून कचेरीकडे वाहायचा. सकाळी पाठीवर, संध्याकाळी तोंडावर. लग्नाला थोडेच महिने झाले होते. एका संध्याकाळी वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"सकाळी तुम्ही दहा मिनिटं लवकर पोचता ना? तुम्हीच सांगता."

"हो. वारा ढकलतो."

"आणि संध्याकाळी वीस मिनिटं उशिरा येता. तो वारा सकाळी जेवढा ढकलतो तेवढाच संध्याकाळी अडवणार ना? मग दहा मिनिटांचा उशीर समजू शकते मी. वरची दहा मिनिटं कुणाकडे असता?"

नावाडी तसेच सायकल धरून उभे राहिले. बायकोच्या डोळ्यांत पाणी, आणि यांच्या डोळ्यांपुढे पुस्तकाचं शेवटचं पान. त्यांनी तिथेच, उंबऱ्याबाहेर, सायकलच्या मातीनं भरलेल्या मडगार्डवर बोटानं गणित मांडून दाखवलं. वहिनींनी ते शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला नदीबिदीचं सांगू नका. मी सायकलचं विचारतेय." पुढे आठ दिवस त्या तलावाच्या रस्त्यावर अधूनमधून फिरायला जात होत्या, असं मावशींनी मला सांगितलं. मावशी म्हणजे बांधणी खात्याच्या प्रमुख. त्या याच रस्त्यावर राहायच्या, आणि त्यांच्या खिडकीला पडदा नव्हता.

तर त्या दिवसापासून नावाडी हे उत्तर बदलायच्या मागे होते. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की मालकांच्या खोलीत जायचे आणि ओल्या अंगठ्याचं दर्शन घेऊन परत यायचे.

"दहाला काय वाईट आहे?" मालक म्हणायचे. "गोल आहे, सुटसुटीत आहे, पोरांच्या तोंडात बसलंय. आणि हे तुमचं नऊ पूर्णांक सहा दशांश. हे उत्तर आहे की कुणाला ताप भरलाय?"

"पण ते बरोबर आहे."

"असेल हो. पण इतकी वर्षं सगळ्यांचं दहा येतंय. पोरांचं येतं, मास्तरांचं येतं, परीक्षा घेणाऱ्यांचं येतं. येत नाही ते एकट्या तुमचं. मग चुकतंय कोण?" अंगठा, जीभ, पान. "हे बघा. मास्तरांकडे जुनं पुस्तक, पोरांकडे नवं. दोन्हींत उत्तर वेगळं निघालं तर वर्गात गोंधळ, माझ्याकडे तक्रारी, आणि पुढल्या वर्षी शाळा दुसऱ्याचं पुस्तक लावणार. उत्तराला हात लावायचा नाही."

आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. नावाड्यांचे केस पिकले, मालकांचा अंगठा सुरकुतला, होडी ताशी दहाच्या सरासरीनं येत-जात राहिली. मला वाटायचं, ही चीड आता त्यांच्या अंगवळणी पडली आहे, लोकांना संधिवात असतो तशी. पण मग भिंगरी आली.

भिंगरी म्हणजे त्यांची नात. मुलगी-जावई दोघंही नोकरीवर, म्हणून पोर आजोळीच वाढलेली. एका जागी बसायची नाही, म्हणून भिंगरी. तिची उंची वाढत गेली आणि बीजगणिताचं पुस्तक जवळ येत गेलं. पुढल्या वर्षी ती त्या इयत्तेत जाणार होती, आणि त्याच वर्षी नवी आवृत्ती निघून नावाडी निवृत्त होणार होते. एका सुट्टीत ती कचेरीत आली, टेबलावरचं पुस्तक उघडून तिनं मागची पानं काढली आणि मला म्हणाली, "काका, ही सगळी उत्तरं माझ्या आजोबांनी काढलीयत. मी शाळेत सगळ्यांना सांगितलंय."

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी. एकपण चूक नाही. हो ना, आजोबा?"

नावाड्यांचा चेहरा मी तोवर हजार प्रकारे वाकडा झालेला पाहिला होता. तो त्या दिवशी पहिल्यांदा नुसताच उतरला.

ती गेल्यावर मावशी म्हणाल्या, "एवढ्या पोरांच्या गळी चूक उतरली तेव्हा तुमचं काही अडलं नाही. आता नात आली तर लागली का टोचणी?"

"तेव्हाही टोचत होतीच," नावाडी म्हणाले. "पण ती पोरं मला आजोबा म्हणत नव्हती. उद्या ही ते पान उघडणार आणि माझी घाण मोठ्या अभिमानानं पाठ करणार. मी बघत बसू?"

पुढे आठवडा गेला. मग एका सकाळी ते आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर किळस नव्हती. हे दृश्य इतकं भयंकर होतं की चहावाला पेला ठेवून दोन पावलं मागे सरकला. मी पाणी आणायला उठलो.

"बस," ते म्हणाले. "उत्तराला हात लावायचा नाही ना? नाही लावत. गणितालाच लावतो."

त्यांनी कागद पुढे सरकवला. गणित तेच, गावं तीच, पण होडीचा संथ पाण्यातला वेग आता ताशी अठरा आणि प्रवाहाचा ताशी बारा. समजा, गावं तीस किलोमीटर लांब. जाताना वेग तीस, एक तास. येताना वेग सहा, पाच तास. साठ किलोमीटरला सहा तास. सरासरी ताशी दहा. अगदी बरोबर, काट्यावर दहा. मागच्या पानावरचा आकडा जिथल्या तिथे, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरा.

मी थक्क झालो. मग आकडे पुन्हा वाचले.

"पण नावाडी, ताशी बारा? ही नदी आहे की धरण फुटलंय?"

"फुटू दे."

"आणि असल्या पाण्यात होडी घालणारा तो—"

"बुडू दे," ते म्हणाले, आणि चक्क हसले.

मालकांनी नवी मुद्रितं जुन्या पुस्तकाशी ताडून पाहिली. ताडून पाहायची त्यांची पद्धत म्हणजे फक्त मागची पानं शेजारी ठेवायची. इथे दहा, तिथे दहा. अंगठा चाटून त्यांनी पान उलटलं. आवृत्ती छापली, बांधली, शाळांत गेली. भिंगरीनं तिची प्रत घरी आणली तेव्हा नावाड्यांनी ती स्वतः कव्हर घालून दिली. तिला तलावाच्या रस्त्यावर नेऊन, वाऱ्यात सायकल चालवायला लावून, हे गणित पायांनी शिकवलं. घरी येऊन ती आजीला म्हणाली, "आजी, आजोबा तेव्हा कुणाकडेच गेले नव्हते गं." वहिनी म्हणाल्या, "बघू." पण त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला न मागता दुसरा चहा दिला, हे नावाड्यांनी मला तीन वेळा सांगितलं.

मग तक्रारी सुरू झाल्या.

पहिली एका शाळेतल्या मास्तरांची आली. भाषा अतिशय नम्र. होडीच्या प्रकरणातल्या शेवटच्या गणिताच्या उत्तरात छपाईची चूक झालेली दिसते. अठरा अधिक बारा तीस, अठरा वजा बारा सहा, तीस आणि सहा छत्तीस, निम्मे अठरा. मागे चुकून दहा छापलं आहे. कृपया दुरुस्ती व्हावी. दुसरी तक्रार कमी नम्र होती. मग त्या गठ्ठ्यानं यायला लागल्या. एकानं लिहिलं होतं की त्यांच्या वर्गातल्या अगदी कच्च्या मुलाचंसुद्धा अठरा येतं, तुमच्याकडे कोण बसतं? सगळ्या गावांत, सगळ्या शाळांत, इतक्या मास्तरांना हीच एक रीत येत होती, आणि एकालाही वाटलं नाही की जाताना एक तास लागला, येताना पाच, तर एकदा खाली बसून बघावं.

मालकांनी नावाड्यांना बोलावलं. दार उघडंच होतं.

"तुम्ही गणित बदललंत."

"बदललं. उत्तर नाही बदललं."

"अहो, तीच तर चूक. गणित बदललं तर उत्तर नको का बदलायला? हे मी तुम्हाला सांगायचं?"

नावाड्यांनी कागद मागून घेतला. तीस किलोमीटर, एक तास, पाच तास, साठ भागिले सहा. एक शब्दही वाकडा न बोलता, भिंगरीला समजावलं तसं समजावलं. मालक कधी नव्हे ते अंगठा खाली ठेवून बघत होते. शेवटी त्यांनी मान हलवली.

"समजलं," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. दहाच येतं."

"मग?"

"मग काय? मला समजलं. आता एवढ्या शाळांना कोण समजावत फिरणार? अठरा छापा आणि चिकटवा."

त्या कचेरीत मी आंबलेली खळ पाहिली, सायीतली माशी पाहिली, ओली पानं पेन्सिलींनी उचलली. पण मला खरी किळस आली ती त्या वाक्याची. न समजणाऱ्याला माफ करता येतं. मालकांना समजलं होतं. त्यांनी ते नीट समजून घेतलं, घडी घातली आणि बाजूला ठेवून दिलं, जेवण झाल्यावर हात पुसलेला कागद ठेवावा तसं.

'दहा'ऐवजी 'अठरा' असे वाचावे, एवढंच लिहिलेली चिठ्ठी छापायला गेली. तिचं मुद्रित नियमाप्रमाणे उत्तरसूची विभागाकडे तपासायला आलं. नावाड्यांनी ते दोन पेन्सिलींच्या चिमटीत धरलं, जिना उतरले आणि खळीच्या बादलीत सोडलं. मालकांनी दुसरं काढलं. दोन दिवस बांधणी खात्यातल्या बायका शिल्लक प्रतींच्या मागच्या पानावर ती चिठ्ठी डकवत होत्या. उरलेल्या चिठ्ठ्या शाळांना टपालानं गेल्या.

"काय करू हो," मावशी नावाड्यांना म्हणाल्या. बोटं खळीनं बरबटलेली. "आमचं काम चिकटवायचं. चूक असली तरी सरळ चिकटवावी लागते."

"सरळच आहे," नावाडी म्हणाले. "तुमचं काम चोख आहे. त्याचीच किळस येते."

आठवड्यानं ते निवृत्त झाले. निरोपाचा छोटासा समारंभ झाला. मालक त्यांच्या गुणांबद्दल बोलले, प्रत्येक गुणाला कागद उलटत, म्हणजे प्रत्येक गुणाला अंगठा. मग खोका उघडला. संस्थेतर्फे भेट: एक पितळी होडी. शिडासकट, आत टोपीवाला नावाडी, हसरा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही कल्पना खुद्द मालकांची, आणि त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच वाटलं होतं की या माणसाला होड्या आवडतात. नावाड्यांनी होडी घेतली. त्यांचं तोंड वाकडं होण्याची आम्ही वाट पाहत होतो. ते झालं नाही. त्यांनी ती सायकलच्या मागे बांधली आणि वाऱ्याला तोंड देत घरी निघून गेले. रोजच्यापेक्षा उशिरा पोचले असणार.

परीक्षा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. पितळी होडी दाराच्या फटीत होती. वाऱ्यानं दार आपटतं म्हणून वहिनींनी ती अडसर म्हणून लावली होती. नावाडी खुर्चीत बसून चहावरची साय चमच्यानं काढून बशीत ठेवत होते, जणू कुणाचं पाप बाजूला करताहेत. भिंगरी आली, गेली, पुन्हा आली.

"काय गं, होडीचं गणित आलं होतं का परीक्षेत?" मी विचारलं.

"तेच आलं, काका. शेवटचं. अठरा आणि बारावालं."

"मग? सांग बघू, उत्तर कसं येतं."

तिनं उभ्याउभ्या सांगितलं. तीस किलोमीटर धरायचे, जाताना एक तास, येताना पाच, साठ भागिले सहा. नदी जाताना थोडा वेळ देते आणि येताना जास्त घेते, कारण आपण तिच्यात जास्त वेळ अडकतो. इतकं स्वच्छ मी कुठल्याही मास्तरांकडून ऐकलं नव्हतं. नावाडी साय काढायचे थांबले होते.

"शाब्बास," मी म्हणालो. "म्हणजे दहा लिहिलंस."

"नाही. अठरा लिहिलं."

"का गं?"

"बाईंनी अठराच सांगितलंय. पुस्तकात चिकटवलंय ना." तिनं माझ्याकडे, मी इतका मोठा असून एवढंही कळत नाही, अशा नजरेनं पाहिलं. "दहा ते घरचं आहे."

 वहिनींनी आतून विचारलं, चहा आणखी हवा का. नावाडी नको म्हणाले.

भिंगरीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले.